मंगळवारची मापं

घोडा दिवसाला किती पाणी पितो, हे प्राणिशास्त्राची पदवी घेतलेल्या उमादेवीला माहीत नव्हतं. घोड्याच्या दातांचं सूत्र तिने झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं, आतड्याची लांबीही पाठ होती. पण पाण्याचा आकडा उदगीरच्या कॉलेजात कुणी शिकवला नव्हता. म्हणून डिसेंबरातल्या एका दुपारी ती लातूरला शेषेरावच्या तबेल्यात गेली आणि वहीचं कोरं पान उघडून तिने तोच प्रश्न विचारला.

शेषेराव वरातीला घोडे देणारा. घोडीचा पाय मांडीवर घेऊन तो खुरातली माती काढत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "तहान लागंल तितकं."

"म्हणजे किती बादल्या?"

"ताई, तुमी सोत्ता किती पिता ते मोजलंय का कधी?"

"मोजलंय. उन्हाळ्यात तीन लिटर, आत्ता दोन."

शेषेरावने घोडीचा पाय खाली सोडला आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "मग तुमचं-माझं जमंल," तो म्हणाला. "लिवा. थंडीच्या दिवसात उभं जनावर दोन बादल्या. चालून आलं तर तीन. पळवलं तर चार, पर मी पळवू देत न्हाई. आन् एक लिवा, वाजंत्री नको. माझ्या जनावरांना वाजलं की नाचायची सवय. पाठीवर लेकरू आन् खाली हलगी सुरू झाली, तर मग माझी जिम्मेदारी न्हाई."

उमादेवीने 'वाद्य नको' असं लिहून खाली रेघ ओढली.

लातूर जिल्हा होऊन पाचवं वर्ष चालू होतं. जुन्या माणसांच्या तोंडून सरकारी कामाला अजून 'उस्मानाबाद'च निघायचं, मग ती माणसं जीभ चावून 'लातूर' म्हणायची. नव्या जिल्ह्याला सगळंच नवं हवं होतं. नवी कचेरी झाली, नवं विश्रामगृह झालं, आणि चाकूरजवळ करंजवाडीच्या माळावर कुंपण घालून एक वनउद्यान झालं. उद्यान झालं आणि पावसाने पाठ फिरवली. सलग दुसरं वर्ष कोरडं गेलं. लावलेली रोपं कमरेच्या वर गेली नाहीत, आणि बघायला कुणी येईना. तेव्हा वनीकरणाच्या साहेबांच्या डोक्यात आलं, की सव्वीस जानेवारीला लातूरच्या शाळेतली चाळीस मुलं आणायची, त्यांना माळावरच्या पायवाटेने घोड्यावर बसवून फिरवायचं, सोबत जिल्ह्याचे चार मोठे पाहुणे बोलवायचे. म्हणजे उद्यान आहे हे तरी लोकांना कळेल. दिवस आखायचं काम त्यांनी तात्पुरत्या नेमणुकीवर आलेल्या उमादेवीकडे दिलं. तिने ते असं अंगावर घेतलं, की साहेबच म्हणाले, "अहो, घोडे फिरवायचेत, अग्निबाण नाही सोडायचा."

तिने टेप घेऊन सगळी वाट मोजली. फाटकापासून निघून, ओढा ओलांडून, टेकडीच्या माथ्यावरून परत फाटकाशी: तीन किलोमीटर दोनशे मीटर. घोडे सहा, मुलं चाळीस. वाटेचे आठ टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याला तिने चुन्याची खूण केली. कोणतं मूल कुठे चढेल, कुठे उतरेल, याचा तक्ता केला. चढावर घोड्याचा वेग किती कमी होतो हे बघायला शेषेरावची शेवंती नावाची घोडी एक दिवस मागवून घेतली आणि घड्याळ लावून तिला चालवलं. या सगळ्यात एकच गोष्ट कागदावर बसत नव्हती, ती म्हणजे पाणी.

मुलांचं आणि पाहुण्यांचं प्यायचं पाणी लातूरहून पिंपातून येणार होतं. घोड्यांना अठरा बादल्या, म्हणजे दोनशे सोळा लिटर, तेवढं कुठूनही झालं असतं. पण साहेबांनी ती पायवाट स्वतः बघितली होती. पाऊल ठेवलं की घोट्यापर्यंत फुफाटा उडत होता. "पाहुण्यांच्या अंगावर ही धूळ?" ते म्हणाले. "आदल्या दिवशी शिंपडून घ्या. सकाळी पुन्हा एकदा." तिने हिशेब केला. सगळ्या वाटेवरची धूळ एकदा नीट दाबायची म्हटली तरी अडीच-पावणेतीन हजार लिटर. घोडे धरून तीन हजार. दोनदा शक्य नाही, एकदाच शिंपडू, सोमवारी, सव्वीसलाच पहाटे, असं तिने साहेबांना पटवलं.

तीन हजार लिटर पाणी त्या भागात एकाच जागी होतं. रेवणप्पांच्या विहिरीत.

करंजवाडी पन्नास उंबऱ्यांची. हापसा दिवाळीतच खडखडायला लागला होता. रेवणप्पांची विहीर वाडीच्या तोंडाशीच; त्यांनी ऊस मोडून टाकला, हरभऱ्याचं पाणी तोडलं आणि विहीर प्यायला मोकळी केली. विजेची मोटर पाण्यापेक्षा हवाच जास्त ओढायची, म्हणून माळवदावर पडलेली जुनी चामड्याची मोट काढून, तेल पाजून, तीच पुन्हा जोडली. सकाळी आणि संध्याकाळी बैल मोट ओढायचे, बायका दगडी कुंडातून घागरी भरायच्या. फक्त सोमवारी मोट बंद. रेवणप्पांचं घर लिंगायत, सोमवार नंदीचा. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, हे त्यांच्या पणज्यापासून चालत आलेलं. सोमवारी बायका मैलभर लांब ओढ्यातल्या झऱ्यावर जायच्या.

उमादेवीही लिंगायतच. पण तिचं घर उदगीरच्या पेठेतलं, किराणा दुकानाचं. घरात बैल कधीच नव्हता. तिच्या लेखी सोमवार म्हणजे आईचा उपवास आणि देवळात बेल. उद्यानाची साप्ताहिक सुट्टीही सोमवारचीच. ती रविवारी संध्याकाळी उदगीरला जायची आणि मंगळवारी पहिल्या बसने येऊन करंजवाडी फाट्यावर उतरायची. एरवी ती चाकूरहून साहेबांच्या जीपमधून पलीकडच्या रस्त्याने यायची. मंगळवारीच काय ते तिला वाडीतून चालत जावं लागे, विहिरीवरून. पहिल्याच मंगळवारी तिने दोरीला दगड बांधून तो पाण्यात सोडला, ओली दोरी मोजली आणि आकडा वहीत लिहिला. ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. विहीर दिसली आणि मोजली, इतकंच. मग दर मंगळवारी मोजत गेली.

सात मंगळवारचे सात आकडे झाले. एकशे एक सेंटिमीटर, नव्याण्णव, शंभर, एकशे दोन, शंभर, नव्याण्णव, शंभर.

सातव्या मंगळवारी ती वही घेऊन रेवणप्पांच्या ओसरीवर गेली. "शरणार्थ, आप्पा."

"शरणार्थ. ये, उमक्का, बैस." रेवणप्पा साठीच्या पुढचे, बोलायला हळू. वाडीतली पाच-सहा माणसं तिथे बसलेली होती. पाण्याच्या पाळ्या सांभाळणारी चांगुणा घागर कमरेवर घेऊन भिंतीशी उभी होती. उमादेवीने तक्ता उलगडून दाखवला. सोमवारी मोट नसते, पाणी नुसतं पडून असतं. त्यातलं तीन हजार लिटर उद्यानाला हवं आहे, असं तिने सरळ सांगितलं.

रेवणप्पा आकड्यांवरून बोट फिरवत राहिले. "सगळे सारखेच की."

"हो आप्पा. म्हणजे विहीर उतरत नाही. जेवढं उपसता तेवढं भरतंय."

"पर आप्पा, शनवारी..." चांगुणा भिंतीपासून म्हणाली.

रेवणप्पांनी हात वर केला. "पोरीनं मापलंय, चांगुणे." मग उमादेवीकडे वळून, "तू सोत्ता मापलंस?"

"स्वतः."

"मग न्या. बैल मिळणार न्हाईत सोमवारी. पर इंजिनाला सोमवार नसतो. इंजिन आणा आन् न्या." एवढं चारचौघांत बोलून त्यांनी पानाचा डबा पुढे ओढला. विषय संपला.

पंचवीस तारखेला, रविवारी दुपारी, सगळं जागच्या जागी होतं. शेषेराव सहा घोडे घेऊन दोन दिवसांच्या चालीने पोहोचला होता. चाकूरला त्यांना पाणी पाजूनच तो पुढे आला होता. वनीकरणाचं डिझेल इंजिन बैलगाडीतून विहिरीवर येऊन ठेपलं होतं. इंजिनवाल्याने पाइप जोडता जोडता विचारलं, "पाणी किती हाय? पाइपाचं तोंड बुडाया अर्धा फूट तरी लागंल."

"एक मीटर," उमादेवी म्हणाली, आणि दाखवायला म्हणून दोरी सोडली.

दोरी वर आली. तिने मोजली. पुन्हा सोडली, दुसऱ्या बाजूने. मग तिसऱ्यांदा, अगदी मधोमध.

तीस सेंटिमीटर.

तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की कुणीतरी पाणी चोरलं. ती तशीच वळली. संध्याकाळच्या पाळीसाठी चांगुणा आणि बाकीच्या बायका घागरी मांडत होत्या.

"मावशी, काल-आज कुणी उपसा केला का? जास्तीचा?"

"कोण करतंय वं? आमीच. रोजच्याइतका."

"मंगळवारी एक मीटर पाणी होतं. आता तीस सेंटिमीटर आहे."

"मग? रविवार हाय की आज." चांगुणाने घागर टेकवली. "ताई, तुमी येता मंगळवारच्या मंगळवारी, लेक माहेरी आल्यावानी. त्या दिवशी विहीर नटूनच बसलेली असती. मंगळवारी मोट काठोकाठ येती. बुधवारी बी बरी येती. शुक्रवारपासून कमी कमी होत जाती, आन् रविवारी संध्याकाळी तळ घासती. आता बघा ना, आलीच वर."

बैल उतारावरून खाली गेले, दोर ताणला आणि मोट वर आली. अर्धी होती. कुंडात पडलेलं पाणी चहाच्या रंगाचं होतं. बायका थांबल्या; गाळ खाली बसल्यावर वरचं पाणी फडक्यातून गाळून घ्यायला त्यांनी सुरुवात केली. त्यांच्या हाताच्या सवयीवरून कळत होतं, की हे आजच घडलेलं नाही.

"मग त्या दिवशी ओसरीवर तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलाया लागले होते. आप्पांनी हात केला." चांगुणाने फडकं पिळलं. "आन् म्या बी म्हनलं, शिकलेलं माणूस हाय, दोरी टाकून मापतंय. त्यांच्या मापात शनवार-रविवार धरलाच असंल. आमचं काय, आमाला डोळ्यांनी दिसतंय तेवढंच."

उमादेवी विहिरीच्या कडेला दगडावर बसली आणि वहीत लिहायला लागली. इंजिनवाला दोनदा विचारून गेला, पाइप सोडू का. तिने मान हलवली नाही. चांगुणाला विचारून विचारून तिने रोजच्या मोटा मोजल्या, घागरींशी त्या पडताळून पाहिल्या. अर्ध्या तासाने चित्र उभं राहिलं. वाडी दिवसाला सत्तर सेंटिमीटर पाणी उपसत होती. दिवसभरात आणि रात्रीत मिळून विहीर भरत होती साठ सेंटिमीटर. रोज दहाची तूट. सहा दिवसांची साठ. आणि सोमवारी उपसा नाही, म्हणून सोमवारचे साठ जसेच्या तसे वर चढायचे आणि सगळी तूट भरून निघायची. मंगळवारी सकाळी पुन्हा शंभर. त्या शंभरावर वाडीचा आठवडा चालत होता.

तिचे सातही आकडे बरोबर होते. चूक आकड्यांत कुठेच नव्हती. तिने आठवड्यातला सगळ्यात भरलेला दिवस निवडून सात वेळा मोजला होता आणि विहीर उतरत नाही असं लिहून दिलं होतं.

उद्याचे तीन हजार लिटर म्हणजे तीस सेंटिमीटर. मंगळवारी शंभरऐवजी सत्तर. मग शुक्रवारी संध्याकाळीच मोट चिखलात बसणार, आणि शनिवार-रविवार पन्नास घरांना त्या विहिरीतून पुरेसं पाणी मिळणार नाही. त्यातले दोनशे सोळा लिटर घोड्यांचे. बाकी सगळं वाटेवरच्या धुळीचं.

ती ओसरीवर गेली तेव्हा रेवणप्पा एकटेच होते. तिने उभ्यानेच सगळं सांगितलं.  ते म्हणाले, "मला शब्द फिरवता येत न्हाई, अव्वा. चारचौघांत दिलाय. तुमचं इंजिन सुरू झालं तर मी आडवा येणार न्हाई."

"पण आप्पा, शनिवार-रविवारी मोट भरत नाही हे तुम्हाला माहीत होतं."

"माहीत कसं नसंल? विहीर माझी हाय." त्यांनी तिच्या हातातल्या वहीकडे बोट केलं. "पर तू आकडे आणलेस. जन्मभर मी त्या विहिरीत डोकावतोय, दोरी कधी टाकली न्हाई. वाटलं, आपल्या नजरेचाच काहीतरी घोळ असंल. तुझ्या कागदावर मी हो म्हणलं. आता कागद तुझा. तो तुलाच मागं घ्यावा लागंल."

उमादेवीला वाटलं होतं, आप्पा नाही म्हणतील आणि आपली सुटका होईल. तसं काही झालं नाही. ती विहिरीवर परत आली तेव्हा साहेबांची जीप येऊन उभी होती आणि साहेब इंजिनवाल्याला विचारत होते, पाइप अजून वर का?

तिने त्यांना वहीतलं पान दाखवलं. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एकदा दोरीही सोडायला लावली. मग म्हणाले, "एक दिवसाचा प्रश्न आहे. पुढच्या आठवड्यात तहसीलला सांगून टँकर मागवू."

"टँकरसाठी वाडीचा अर्ज नोव्हेंबरपासून पडून आहे, साहेब. चांगुणामावशींनी अंगठा दिलाय त्यावर."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "पाणी पुरेल असं तुम्ही लिहून दिलंत. त्यावर मी सही केली. तो कागद लातूरला गेलाय. आता मी काय म्हणू, माझी सही खोटी?"

"सही खरी आहे. तक्ता अपुरा आहे."

"तसं लिहून द्याल?"

"देते."

"तुमची नेमणूक मार्चपर्यंतच आहे, हे लक्षात आहे ना?" हे त्यांनी धमकी म्हणून म्हटलं की काळजीने, ते तिला कळलं नाही. कदाचित त्यांनाही कळलं नसेल.

जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून तिने लिहिलं: 'करंजवाडी येथील विहिरीची मी सादर केलेली सर्व मापे मंगळवारची आहेत. सोमवारी उपसा बंद असल्याने ती आठवड्यातील सर्वांत जास्त मापे आहेत. त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. विहिरीतून पाणी घेऊ नये.' सही केली, तारीख घातली. कागद घेताना साहेबांनी तो दोनदा वाचला. "'अपुरा' म्हणालात, आणि लिहिलंत 'चुकीचा'."

"लिहिताना लक्षात आलं, साहेब. चुकीचाच आहे."

एवढा वेळ शेषेराव शेवंतीच्या मानेला टेकून सगळं ऐकत होता. तो आता खाकरला. "साहेब, मी मधी बोलतो, माफ करा. धुळीला माझी जनावरं भीत न्हाईत. वरातीत लोक त्यांच्या कानाशी फटाके लावत्यात. धूळ तुमच्या पाहुण्यांनाच लागणार. पाहुण्यांना विचारा, फिरायचं का न्हाई."

"आणि घोड्यांचं पाणी?" साहेब म्हणाले.

"उद्या आमी झऱ्यावर जातोच," चांगुणा म्हणाली. "आमचं भरून झालं की झरा पाझरतच असतो, वाळूत जिरतंय ते. घोडी बी आणा. पर आमच्या मागं. नंबर लावून."

"किती वेळ लागेल?"

चांगुणाने उमादेवीकडे पाहिलं. "ते ताईला विचारा. मोजाया त्या हायत." बायका हसल्या. उमादेवीलाही हसू आलं, आणि लगेच डोळे चुरचुरले. तिने ते वाऱ्यावर ढकललं.

अंधार पडायच्या आत ती झऱ्यावर जाऊन आली. ओढ्याच्या वाळूत गुडघाभर खड्डा, त्यात वाटीने भरावं इतकंच पाणी. एक बादली भरायला सहा मिनिटं लागली. एकदाच मोजून ती उठणार होती. मग पुन्हा खाली बसली आणि आणखी चार वेळा मोजलं.

रात्रीतून तिने तक्ता पहिल्यापासून मांडला. पूर्ण फेरा रद्द. फाटकापासून झऱ्यापर्यंत आणि परत, एवढंच. सहा घोड्यांना सध्या दोन-दोन बादल्या. बाकीचं शेषेराव परतताना चाकूरला पाजणार. बारा बादल्या, बहात्तर मिनिटं. 'पाण्यासाठी थांबा: एक तास बारा मिनिटे' अशी ओळ तिने कार्यक्रमपत्रिकेत टाकली. साहेबांनी सकाळी ती वाचली, पेन उघडलं, आणि न खोडता बंद केलं. इंजिन जसं आलं होतं तसं विहिरीवर होतं. बैलगाडी मंगळवारीच मिळणार होती.

झेंडावंदन झालं, आणि लातूरच्या दोन बसमधली चाळीस मुलं घोड्यांभोवती गोळा झाली. सहाजण वर, बाकीची बाजूने चालत, चुन्याच्या खुणेशी अदलाबदल. पहिल्या शंभर पावलांतच सगळी रांग पिवळ्या धुळीत बुडाली. पांढरे गणवेश मातीच्या रंगाचे झाले. एका पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावला, दुसऱ्यांनी जीपमध्येच बसणं पसंत केलं. साहेब मात्र सगळ्यांबरोबर पायी चालले, मिशांवर धूळ घेऊन. मुलांना धुळीचं काहीच वाटत नव्हतं. आपण चढल्यावर घोड्याचा कान मागे का वळतो, हे एका मुलीने उमादेवीला विचारलं, आणि उमादेवीने चालता चालता ते सांगितलं.

झऱ्यावर ते पोहोचले तेव्हा बायकांच्या नऊ घागरी भरायच्या शिल्लक होत्या. चांगुणा वाटीवाटीने भरत होती. तिने मान वर करून रांगेकडे पाहिलं, घोड्यांकडे पाहिलं, पाहुण्यांकडे पाहिलं, आणि पुन्हा वाटी बुडवली. कुणीही तिला लवकर कर म्हटलं नाही. म्हणायला साहेबांचं तोंड एकदा उघडलं होतं. उमादेवीने हळूच सांगितलं, "साहेब, हे घाईने होत नाही. उपसलं की गढूळ होतं आणि मग निवळायला जास्त वेळ जातो."

"कमी नाहीच होणार?"

"नाही."

मुलं वाळूत बसली. कुणीतरी झऱ्यात बोट घालून बघू लागलं, तर चांगुणाने त्याच्या हातावर चापट मारली. "तोंड लावून प्यायचंय घोड्याला ते, लेकरा." शेवटची घागर डोक्यावर चढली तेव्हा उमादेवीच्या घड्याळात ठरल्यापेक्षा चाळीस मिनिटं जास्त झाली होती. मग पहिली बादली शेवंतीपुढे आली.

रेवणप्पा काठी टेकत ओढ्यापर्यंत आले होते. मागे त्यांचे बैल, सोमवारचे, मोकळे, ओढ्याच्या काठचं वाळकं कुंद्याचं गवत हुंगत फिरत होते. इतक्या माणसांना उभं बघून रेवणप्पांना अवघडल्यासारखं झालं असावं. घरी आलेल्या माणसाला म्हणावं तसं ते रुमालवाल्या पाहुण्यांना म्हणाले, "उभे कामून? बसा की. पाणी येऊन राहिलंय."